एका नावाच्या दोघी

वेल्डा प्रूइटच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आल्डर गॅप गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. मोज्यांच्या कारखान्यात तिचं मशीन अगदी मधोमध होतं. त्यामुळे कुणाच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, पाळकसाहेबांना मूतखडा झाला, हे सगळं दुपारच्या सुट्टीच्या आत चारी भिंतींपर्यंत पोचायचं. तिच्या मनात वाईट नसायचं. ज्या घरची बातमी जाई त्या घरी संध्याकाळी वेल्डाच्या हातची, कोंबडीचं सारण भरून भाजलेली चिकन पाईसुद्धा जाई. पण बोलल्याशिवाय तिला राहवत नसे, एवढं खरं.

सत्तावीस वर्षं तिनं मोज्यांची टोकं शिवली. मग एका शुक्रवारी मॅनेजरनं सगळ्यांना माल चढवायच्या धक्क्यावर बोलावलं आणि मशिनं परदेशी चालली असल्याचं सांगितलं. वेल्डा तेव्हा पन्नाशी पार केलेली. कारखाना असा बाहेर गेला की कामगारांच्या नव्या शिक्षणाची फी सरकार भरतं, असं कळल्यावर कित्येक जणी कम्युनिटी कॉलेजात चौकशीला गेल्या. बहुतेकींनी केस कापायचा नाहीतर नर्सच्या मदतनिसाचा कोर्स घेतला. वेल्डाला रक्त बघवत नसे आणि तासन्‌तास उभं राहणं गुडघ्यांना झेपत नसे.

"मग हा घ्या," समुपदेशक बाई म्हणाल्या. "आरोग्य माहिती तंत्रज्ञान. दवाखान्यातल्या पेशंटांच्या नोंदी नीट ठेवायच्या, तपासायच्या, प्रत्येक आजाराला त्याचा आकडा लावायचा. दोन वर्षं. बसून करायचं काम आहे."

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं. गार्लंड शाळेची बस चालवायचा, बोलणं मोजकंच. त्यानं मक्याच्या पावाचा तुकडा घेवड्याच्या रश्शात बुडवला आणि म्हणाला, "म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची दुखणी तुझ्या हातात देणार? त्यांना कुणी तुझ्याबद्दल काही सांगितलेलं दिसत नाही."

"हसून घे," वेल्डा म्हणाली. पण तिलाही हसू फुटलं.

पहिल्या सहामाहीत मात्र तिचं हसू पार मावळलं. शरीराच्या अवयवांची आणि शस्त्रक्रियांची नावं शिकायची होती; एकेक शब्द मालगाडीएवढा लांब. पहिल्या परीक्षेत तिला शंभरपैकी एकेचाळीस मिळाले. तो कागद घडी करून तिनं पर्समध्ये कोंबला आणि वर्गातून सरळ गाडीत जाऊन बसली. किल्ली फिरवली की संपलं, परत यायचंच नाही, असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी काचेवर टकटक केली. वर्गातली मारिबेल होती, एकोणीस वर्षांची. तिचे आईवडील कोंबड्यांच्या कारखान्यात काम करायचे.

"मिस वेल्डा, तुमची वही राहिली."

"ठेव तुलाच. मला नाही जमायचं हे, पोरी."

"मला त्र्याण्णव पडले," मारिबेल म्हणाली, "पण त्यात माझी हुशारी काही नाही. यातले निम्मे शब्द आमच्या स्पॅनिशसारखेच आहेत. मी सांगते तुम्हाला. पण मग इंग्रजीतला माझा निबंध तुम्ही बघून द्यायचा. बाईंनी त्यावर इतकं लाल केलंय की खाली मी काय लिहिलं होतं ते दिसेना."

वेल्डानं किल्ली काढून घेतली.

त्या दिवसापासून दोघी ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसू लागल्या. शिकवणाऱ्या मिसेस ओडम सांगायच्या, शब्द अख्खा गिळू नका, तुकडे करा. मारिबेल तुकडे करून द्यायची, वेल्डा ते पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहायची आणि संध्याकाळी गार्लंड ती कार्डं हातात घेऊन प्रश्न विचारायचा. शब्दांचे उच्चार तो असे काही करायचा की उत्तर बाजूलाच राही आणि दोघं हसत सुटत.

"कोले... कोलेसिस्‌... ही कुठल्या बाईची बहीण?"

"कोलेसिस्टेक्टमी! पित्ताची पिशवी काढून टाकणं."

"मग तसं म्हणा ना सरळ," गार्लंड म्हणायचा आणि पुढचं कार्ड उचलायचा.

वर्ष संपता संपता तिला अठ्ठ्याऐंशी पडले. तो कागद मात्र तिनं घडी घातला नाही. मारिबेलच्या निबंधांवरचं लालही कमी झालं होतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी तिला जिल्ह्याच्या छोट्या हॉस्पिटलात, नोंदींच्या खोलीत पाठवलं. जाण्याआधी मिसेस ओडमनी प्रत्येकाकडून एका कागदावर सही घेतली: तिथे जे वाचाल ते तिथेच ठेवायचं. आईला नाही सांगायचं, नवऱ्याला नाही, देवाच्या दारात प्रार्थनेसाठी म्हणूनसुद्धा नाही. हे म्हणताना त्यांनी वेल्डाकडे पाहिलं नाही, पण बाकी सगळ्या वर्गानं पाहिलं.

नोंदींच्या खोलीच्या प्रमुख मिसेस लेडबेटर. तिथे तीस वर्षं काढलेल्या, चष्म्यावरून बघायची सवय. त्यांनी वेल्डाला एक काम दिलं: ज्यांची शस्त्रक्रिया मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात व्हायची होती, त्यांच्या जुन्या नोंदींतली हवी ती पानं जमवून पाठवायची तयारी करायची. तिसऱ्या दिवशी गठ्ठ्यात नाव आलं: रूबी जीन ग्रॅग. गुडघा बदलायचा होता, तीन आठवड्यांनी.

रूबी जीन चर्चमध्ये तिच्या शेजारी बसायची, कारखान्यात पलीकडच्याच मशीनवर होती. वेल्डा उठली आणि मिसेस लेडबेटरच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, ही बाई माझ्या ओळखीची आहे. दुसऱ्या कुणाला द्यायचं का हे?"

"या जिल्ह्यात ओळखीचं कुणी नको म्हटलं तर खोलीला कुलूप लावावं लागेल," त्या म्हणाल्या. "सांगितलंत ते बरं केलंत. पानं जमवा, लागेल तेवढंच वाचा, गप्प राहा."

वेल्डानं पानं लावायला घेतली. १९९८ सालच्या एका कागदावर तो शब्द होता. कोलेसिस्टेक्टमी. पित्ताची पिशवी काढली. तिला गार्लंड आठवून मनात हसू आलं. पुढची पानं लावता लावता ती एकदम थांबली. २००९ सालच्या तपासणीत लिहिलं होतं, पित्ताच्या पिशवीत दोन खडे दिसतात.

काढून टाकलेल्या पिशवीत अकरा वर्षांनी खडे कुठून आले?

तिनं पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. एका ठिकाणी रक्तगट ए पॉझिटिव्ह, दुसऱ्या ठिकाणी ओ निगेटिव्ह. पत्ता दोन वेळा बदललेला, जन्माचा महिना एका कागदावर मार्च, दुसऱ्यावर मे. आणि सगळ्यांत वरच्या ताज्या पानावर, औषधांच्या त्रासाच्या चौकटीत लिहिलेलं: काही नाही.

वेल्डानं ती चौकट पुन्हा वाचली. कारण १९८७ साली पेनिसिलिनच्या एका इंजेक्शननं रूबी जीन इतकी सुजली होती की तिचा घसा बंद होत आला होता. ही बातमी कारखानाभर वेल्डानंच केली होती. आणि गुडघा कापण्याआधी जे औषध देतात ते पेनिसिलिनच्याच नात्यातलं असतं, हे ती मागच्याच महिन्यात शिकली होती.

पण कारखान्यातली ऐकीव गोष्ट इथे पुरावा होत नव्हती, हेही ती शिकली होती. दुपारी तिला जेवायची आठवण राहिली नाही. जुन्या, स्कॅन करून ठेवलेल्या कागदांत ती मागे मागे गेली आणि तिला ते पान सापडलं: १९८७, तातडीचा विभाग, पेनिसिलिननं जीवघेणी सूज. पान वाकडं स्कॅन झालेलं, अक्षर पुसट, पण तारखेसकट.

चार पानं हातात घेऊन ती मिसेस लेडबेटरपुढे उभी राहिली.

"मॅडम, मला वाटतं या एकीच्या फायलीत दोन बायका आहेत."

"विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात असं बरंच काही वाटतं. पानं जमवायला सांगितली होती, तपास करायला नाही."

"हो मॅडम. पण पित्ताची पिशवी माणसाला एकच असते ना?"

मिसेस लेडबेटरनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग चष्म्यातून कागदांकडे. दोन वेळा वाचलं. त्यांनी वेल्डाला शेजारची खुर्ची ओढायला सांगितली, म्हणजे आपलंच चुकलं हे कबूल केलं. काही वर्षांपूर्वी कुणीतरी यादीतून नाव निवडताना एका ओळीनं वर बोट ठेवलं होतं. बफेलो खोऱ्यातल्या दुसऱ्या एका रूबी जीन ग्रॅगची पानं तेव्हापासून हिच्या फायलीत येत होती आणि हिची काही पानं तिच्या फायलीत जात होती.

ही गाठ सोडवायला वेळ लागणार होता. एकेका पानावर कोण ते ठरवायचं, डॉक्टरांना विचारायचं, दोन्ही बायकांना हॉस्पिटलच्या नावानं रीतसर कळवायचं. मधे रविवार आला.

चर्चमध्ये रूबी जीन तिच्या शेजारी येऊन टेकली. "काय गं, फार मोठी झालीस! पाच दिवस झाले हॉस्पिटलात आणि एक बातमी नाही? कुणाकुणाच्या पोटात काय काय आहे ते तरी सांग."

"कागद लावते नुसते," वेल्डा म्हणाली.

"तुझं पोट दुखत नाही ना? तू आणि गप्प!" रूबी जीननं कोपरानं ढोसलं. "माझा गुडघा ठरला बघ. परवा शहरातून फोन आला होता, कुठल्या औषधाचा त्रास होतो का म्हणून. मी म्हटलं, सगळं आमच्या हॉस्पिटलच्या कागदांत लिहिलेलं आहे, तिथे बघा. म्हाताऱ्या माणसानं किती लक्षात ठेवायचं?"

वेल्डाच्या जिभेच्या टोकावर पेनिसिलिन हा शब्द आला होता. तिनं भजनाचं पुस्तक उघडलं आणि चुकीच्या पानावरचं भजन म्हणायला लागली. घरी जाताना गार्लंडनं दोनदा विचारलं, काय झालं. तिनं दोनदा "काही नाही" म्हटलं. घरी गेल्यावर त्यानं तिच्यासमोर गार चहाचा ग्लास ठेवला आणि बाहेर गवत कापायला गेला.

सोमवारी हॉस्पिटलचं दार उघडायच्या आधी वेल्डा पायरीवर उभी होती.

"मॅडम, तिला शहराच्या हॉस्पिटलातून फोन येऊन गेलाय. ती त्यांना म्हणाली, कागदांत बघा. हे मला तिनंच सांगितलं, चर्चमध्ये. मी तिला एक अक्षर बोलले नाही. पण कागद आज सुधारले नाहीत तर मी इथे बसून राहणार."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" मिसेस लेडबेटरनी विचारलं. "तुम्ही? वेल्डा प्रूइट?"

"नाही मॅडम."

मिसेस लेडबेटरनी कोट न काढताच फोन उचलला. दुपारपर्यंत त्या पानांवर दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या, पेनिसिलिनचा इशारा लाल चौकटीत पहिल्या पानावर चढला, आणि सुधारलेली फाईल शहरात पोचल्याचा निरोपही आला. बफेलो खोऱ्यातल्या बाईंनाही पत्र गेलं. त्या इतकी वर्षं नसलेल्या मधुमेहाबद्दल डॉक्टरांशी भांडत होत्या.

रूबी जीनचा गुडघा नीट झाला. भूल देणाऱ्या डॉक्टरनं वेगळं औषध दिलं आणि तसं तिला सांगितलंही. महिन्याभरानं ती काठी टेकत वेल्डाच्या दारात आली.

"हॉस्पिटलचं पत्र आलं होतं. माझ्यात दुसरीच कुणी घुसली होती म्हणे. तुला ठाऊक होतं. त्या रविवारी तुला ठाऊक होतं, हो ना?"

वेल्डानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. "कॉफी घेशील?"

"तीस वर्षांची मैत्री आपली! मी मेले असते तर?"

"क्रीम घालू का?"

रूबी जीननं काठी टेबलाला टेकवून ठेवली. रागानं आली होती, पण समोर जी बसली होती ती बाई तिला नवीनच वाटत होती. "घाल," ती शेवटी म्हणाली. "दोन चमचे. आणि माझ्या मुलाच्या घटस्फोटाचं मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगते. तुझ्यापाशी राहील."

पदवीच्या दिवशी मारिबेलचे आईवडील, चार भाऊ आणि आजी अशी अख्खी रांग टाळ्या वाजवायला होती. त्यांनी वेल्डासाठीही तेवढ्याच वाजवल्या. मारिबेल पुढच्या शिक्षणाला विद्यापीठात गेली. सरकारमान्य परीक्षेत वेल्डा पहिल्यांदा थोडक्यात नापास झाली. ती दोन दिवस जुनी कार्डं चाळत बसली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्ज भरला. दुसऱ्या वेळी पास झाली. मिसेस लेडबेटरनी तिला त्याच खोलीत कायमची जागा दिली आणि तीन वर्षांनी निवृत्त होताना स्वतःची खुर्चीही.

चर्चच्या बुधवारच्या जेवणात ती अजूनही भरपूर बोलते: हवामान, टोमॅटो, गार्लंडची नवी बस. कुणी आजारी पडलं की पहिली चिकन पाई तिचीच येते, पण त्या माणसानं स्वतः फोन करून सांगितल्यावर; त्याआधी कधीच नाही.