तिसऱ्या खिडकीपाशी कोरडी जागा

या सदरात लोक पिंपळ, पैंजण, पांढऱ्या साडीतल्या बायका वगैरे लिहितात, ते वाचून मी आजवर नाकच मुरडत आलेय. आमच्या घरात साधी दृष्टसुद्धा काढत नसत. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, मी स्वतः बी.एस्सी. केमिस्ट्री. त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला हसलं तर माझी तक्रार नाही... मीही हसले असते.

गोष्ट दुबईतली, नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतली. ह्यांची नोकरी जबल अलीच्या फ्री झोनमध्ये, मुलगी शिकायला पुण्यात हॉस्टेलवर. करामाच्या फ्लॅटमध्ये एकटी बसून मी भिंतींशी बोलायच्या बेताला आले होते, तेव्हा जुमेरातल्या एका बॅले शाळेत मेट्रनची नोकरी मिळाली. निवासी शाळा म्हणजे काय, तर एक दुमजली व्हिला आणि चौदा मुली. दिवसा त्या आपापल्या शाळेत जायच्या, सकाळ-संध्याकाळ बॅले. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवार संध्याकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत मी तिथेच राहायचे. स्वतःची मुलगी हॉस्टेलवर ठेवायची आणि दुसऱ्यांच्या मुलींच्या वेण्या घालायच्या, असा सगळा उफराटा कारभार!

शाळा चालवणाऱ्या बाई रशियन, एकेकाळच्या नर्तिका. सगळे त्यांना मादाम म्हणायचे. हातात काठी असायची, ती मारायला नव्हे, जमिनीवर ताल द्यायला. तळमजल्याच्या हॉलमध्ये त्यांनी लाकडी फळ्यांची जमीन करून घेतली होती. एका भिंतीला आरसे, समोर तीन खिडक्या. सकाळचा क्लास सव्वासहाला, आणि त्याच्या अगदी आधी त्या फळ्यांवर पाणी शिंपडायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज. कोरड्या फळीवरून ते सॅटिनचे बूट सटकतात म्हणे, जरा ओल असली की धरून राहतात. एसीमुळे ती ओल वीस मिनिटांत उडून जायची. दर आठवड्याला एका मुलीची पाळी, भिंतीवर नावांची यादी, आणि कपाटात एक हिरवी झारी. "फ्लोअर इज थर्स्टी!" असं मादाम ओरडल्या की पाळीवाली पळायची. मुली चोरून सराव करून पाय दुखावून घेत, म्हणून हॉलला कुलूप असायचं. किल्ली एकच, माझ्या कमरेला.

केतकी आली तेव्हा बारा वर्षांची होती. वडील खोर फक्कानच्या बंदरावर इंजिनियर. तिथून रोज ये-जा करायची म्हणजे डोंगरातला दोन-अडीच तासांचा रस्ता, म्हणून तिला इथे ठेवली. किडकिडीत, डावखुरी आणि बडबडी. पाणी शिंपडायची तिची पहिली वेळ आली तेव्हा झारीची भोकं क्षाराने बुजलेली. पोरीने सरळ बाथरूममधलं निळं टमरेल भरून आणलं आणि हाताने पाणी फेकायला लागली.

"अगं, हा तर सडा झाला!" मी म्हटलं.

"What's sada?"

मग मी तिला सांगितलं की आपल्याकडे सकाळी उठून अंगणात पाणी शिंपडतात, त्यावर रांगोळी काढतात. हाताचा पसा कसा धरायचा, मनगट कसं फिरवायचं, ते करून दाखवलं. तिने ते इतक्या सफाईने उचललं की बघत राहावं. पाण्याची एकामागे एक अर्धवर्तुळं पडायची, फक्त डाव्या हातामुळे आपल्या उलट दिशेने वळलेली. मादाम आधी खेकसल्या. मग त्यांनी बुटाचं टोक फळीवर घासून पाहिलं आणि "हं. गुड" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर केतकी दुसऱ्यांच्या पाळ्याही मागून घ्यायला लागली.

एकदा मीच त्या ओल्या फळीवर प्लॅस्टिकच्या चपलेने घसरले. गुडघा चांगला सुजला, आठवडाभर लंगडत होते. क्लासच्या वेळी मी तिसऱ्या खिडकीपाशी स्टूलावर बसायचे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सगळी जमीन ओली आणि दारापासून माझ्या स्टूलापर्यंत वीतभर रुंद पट्टी कोरडी. स्टूलाभोवती ताटाएवढं कोरडं वर्तुळ.

"काकू, ये आपका reserved seat," केतकी म्हणाली. मराठी-हिंदी-इंग्रजीची अशी भेळ ती नेहमीच करायची. पुढे तिने सडा टाकला की माझी जागा कोरडी असायचीच. झारीने पाणी घालणाऱ्या मुलींना एवढं कुठलं सुचायला!

आता जे लिहायचंय ते लिहायला माझा हात अजून अडतो.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तिचा डावा गुडघा दुखायला लागला. वसंतात परदेशातल्या एका मोठ्या शाळेचे परीक्षक येणार होते, एका मुलीला निवडून नेणार होते. ती केतकीच असणार हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं. ती माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "काकू, please मादामला सांगू नका. She'll make me sit out. प्लीज."

मी सांगितलं नाही. "उंची वाढतेय गं, हाडं दुखायचीच," म्हटलं, आणि तिळाचं तेल कोमट करून चोळलं. वर क्रेप बँडेज बांधलं. दृष्ट न मानणारी मी, पण आईच्या तिळाच्या तेलावर माझा आंधळा विश्वास! अडीच महिने मी ते तेल चोळत राहिले. झोपेतून ती कळवळून उठायची, तरी मला शंका आली नाही. मी मोठी होते, मला कळायला हवं होतं.

एक दिवस क्लासमध्ये ती उडी घेऊन खाली आली आणि उठलीच नाही. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी वडिलांना बाजूला नेलं. हाडाचा कॅन्सर. तिला मुंबईला नेलं आणि महिन्याभरात पाय मांडीपासून काढावा लागला.

मुंबईहून तिचा एकदाच फोन आला. मी रडू आवरत होते आणि ही विचारतेय, "काकू, who's doing my sada?"

"झारी चालू आहे, बाळा."

"मग तुम्ही चप्पल काढून जा. You'll slip."

मला तिला सॉरी म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिच्या आईने फोन घेतला आणि त्यांच्याशीही मी तब्येतीचंच बोलले. तेलाबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही.

सप्टेंबरमध्ये एका शुक्रवारी संध्याकाळी मी ड्यूटीवर परतले तर मादाम पायरीवर बसल्या होत्या. सकाळी मुंबईत केतकी गेली होती. मुली रडून रडून झोपल्या. मादाम म्हणाल्या, "टुमारो, क्लास." मला त्यांचा संताप आला, पण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

शनिवारी पावणेसहाला मी कुलूप उघडलं. जमीन ओली होती.

नुकतंच पाणी टाकलेलं, थेंब अजून फळ्यांवर चमकत होते. डाव्या हाताची, उलट वळणाची अर्धवर्तुळं. दारापासून तिसऱ्या खिडकीपर्यंत कोरडी पट्टी, आणि स्टूलाभोवती ताटाएवढं कोरडं वर्तुळ.

मी केमिस्ट्रीवाली, आधी छताकडे बघितलं. एसीची गळती नाही. खिडक्यांना आतून कड्या. कपाटातली झारी कोरडी ठक्क, निळं टमरेल बाथरूममध्ये उपडं, तेही कोरडं. वर जाऊन मुली मोजल्या, तर तेराही अंथरुणात. मग भिंतीवरच्या यादीकडे लक्ष गेलं. मादामनी केतकीचं नाव खोडू दिलं नव्हतं. तो आठवडा तिच्या पाळीचा होता.

रविवारीही तेच. मादामना वाटलं मीच करतेय, मला वाटलं त्या करताहेत! सोमवारी आम्ही दोघी पहाटे पाचपासून त्या बंद दारासमोर बाकावर बसलो. आतून कसलाच आवाज नाही. पावणेसहाला किल्ली लावली... जमीन ओली. मादामनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग बूट काढून त्या कडेकडेने कोपऱ्यातल्या पियानोपर्यंत गेल्या आणि मला म्हणाल्या, "यू सिट. युअर प्लेस." मुली आल्या, त्या जमिनीवर नाचल्या. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नाही. भीती म्हणाल तर मला वाटली नाही. मंगळवारी-बुधवारीही तेच झालं.

गुरुवारी केतकीच्या आई आल्या. आदल्याच दिवशी त्या मुंबईहून परतल्या होत्या. खोर फक्कानहून गाडी पहाटे तीनलाच निघाली असणार, कारण त्या पोचल्या तेव्हा मी हॉलचं कुलूपच काढत होते. मुलीची ट्रंक न्यायला आल्या होत्या. मी त्यांना अडवायच्या आत त्या माझ्या मागोमाग दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांची नजर जमिनीवर गेली. "सडा," त्या म्हणाल्या. "आमच्या बाल्कनीत घालायची. शेजारच्या बाईच्या वाळत टाकलेल्या कपड्यांवर सगळं पाणी... कोणी घातलाय हा, ताई?"

"माहीत नाही हो, वहिनी."

"आणि ही एवढीच जागा कोरडी का?"

घसरल्याचं सांगितलं, reserved seat सांगितलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर उरलेलंही थांबेना... गुडघा, तेल, ते अडीच महिने, तिने केलेली विनवणी, सगळं. "मी बोलले असते तर कदाचित ती..."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बसून त्यांनी ओल्या फळीवर तळवा टेकवला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तिने मलाही फोनवर सांगितलं होतं, आई, गुडघा दुखतोय. मीच म्हटलं, काकूंना सांग, तेल चोळतील. यांना मीही अजून सांगितलेलं नाही."

आम्ही दोघी त्या कोरड्या पट्टीवर एकमेकींना धरून बसलो. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही, मीही तसं विचारलं नाही. बघता बघता पाणी उडून गेलं, आणि साऱ्या फळ्या एकसारख्या कोरड्या झाल्या. माझी जागा कुठली ते ओळखू येईना.

पुढच्या शनिवारी कुलूप उघडलं तर जमीन कोरडी होती. यादीतल्या पुढच्या मुलीने झारी उचलली. पुन्हा तसं कधीच झालं नाही. दोन हजार एकमध्ये शाळा बंद झाली, मादाम मायदेशी गेल्या, आम्ही पुण्याला परतलो.

इतकी वर्षं मी सगळे हिशोब लावून पाहिले. दुसरी किल्ली, झोपेत चालणारी एखादी मुलगी, हवेतला दमटपणा. दमटपणाला डावा-उजवा हात नसतो. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खरंच कळवा.

एवढं मात्र मला माहीत आहे. ज्या बाईने केतकीचं दुखणं अडीच महिने तेलाखाली झाकलं, ती पडू नये म्हणून सहा सकाळी कुणीतरी तिची वाट कोरडी ठेवत होतं. मी अजूनही ओल्या जमिनीवर चप्पल काढूनच जाते.