अर्धा वर्ख आणि चिमटीचाचा

"हिले बोलता येते का नाई?"

चिमटीचाचांनी हे मला नाही, शेजारच्या चहावाल्याला विचारलं. मी त्यांच्या दुकानापुढे हातात चिठ्ठीची घडी धरून बराच वेळ उभी होते.

"कॉलेजची आहे, चाचा. इंग्रजी शाळेतून आली असं लोक म्हणते."

"मंग इंग्रजीत बोलू दे ना! मी कुठी मना करून राह्यलो?"

मी चिठ्ठी पुढे केली.

ब्रह्मपुरीच्या बाजारात चाचांचं घड्याळं आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, चाचा चिमटी लावायचे. तिनं ते घड्याळाचे स्क्रू उचलत आणि पोह्यांतले करपलेले शेंगदाणेही वेचून काढत. दुकानात वीसेक घड्याळं होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. "सगळे बीमार आहेत. दवाखान्यात कोनी टाइम पाह्यते का?" असं ते म्हणायचे.

माझ्या चिठ्ठीत तीनच गोष्टी होत्या: धातूचं अगदी पातळ पान एक, वीज अडवणारं काहीतरी थोडंसं आणि पेट्रोमॅक्सची जाळी एक. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी किरणोत्सर्ग ओळखणारं यंत्र करायचं होतं. यंत्र म्हणजे एक काचेची बरणी. झाकणातून आत धातूची काडी सोडायची आणि काडीला ते पान चिकटवायचं. केसांवर घासलेला कंगवा काडीला लावला की पान ताठ बाजूला उभं राहतं. बरणीत किरणोत्सर्ग असेल तर ते भराभर खाली येतं. पेट्रोमॅक्सच्या जाळीत थोरियम असतं, असं मी वाचलं होतं.

नागपूरच्या दुकानाला पत्र टाकलं, तर शंभर पानांपेक्षा कमी देत नाही, असं उत्तर आलं. आमचे सर म्हणाले, "शनिवारपर्यंत नाही जमलं तर प्रदर्शनात हृदयाचा तक्ता धरून उभी राहा." तक्त्यापाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून माझं अर्धं मन तिकडेच ओढत होतं.

"एक मांगितलं तर शंभर देते? त्यायले दुकान चालवता येत नाई," चाचा म्हणाले आणि दुकानाला कुलूप लावून निघाले.

हवी ती वस्तू आधी मागायची नाही, हा त्यांचा नियम होता. मिठाईवाल्याला त्यांनी आधी गुडघ्यांचं विचारलं, मग जावयाचं, आणि मग म्हणाले, "एक वर्ख दे."

"एकच? बर्फीवर लावाले?"

"नाई, बरणीत टांगाले."

मिठाईवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "पोरीले नजर लागली का?"

"लागू दे ना एखाद्या सायबाची," चाचा म्हणाले. फाटलेला अर्धा वर्ख मिळाला. तो चिमटीत धरून आणताना त्यांनी आम्हा दोघांचा श्वास बंद ठेवला होता.

पेट्रोमॅक्स बत्त्या भाड्यानं देणाऱ्या मंडपवाल्यानं मात्र प्रेमानं घोटाळा केला. नवी जाळी आधी जाळून घ्यायची त्याची रीतच होती. त्यानं आमच्यासाठीही ती जाळून, तयार करून ठेवली. चिमटी लागताच तिचा भुगा झाला. "दुसरी कच्चीच दे बाबा, शिजवू नोको!" चाचा ओरडले.

सगळं जोडलं, तरी पान आपोआप खाली येत होतं. झाकणाच्या रबरातून वीज निसटत होती. चाचांनी रबर चिमटीनं काढून फेकलं. "लाख लाव." लाखेच्या बांगड्या करणाऱ्या बाईंकडे धानोऱ्याच्या जंगलातली लाख येत असे. त्यांच्या दारात चाचा मागे सरकले. "इथी तू बोलजो."

"काय पाह्यजे, बाई?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शेवटी चाचांनीच मागितलं.

परत येताना मी खाली मान घालून चालत होते. ते म्हणाले, "बंद रेडिओत आवाज असतेच, बेटा. कुठीतरी तारेचा टाका सुटलेला असते."

लाखेनं काम केलं. पान उभं राहिलं आणि जाळी आत ठेवताच खाली येऊ लागलं. चाचांनी वेळ मोजायला तीन घड्याळं घेतली. तिघांचं जुळेना, तेव्हा चहावाल्याचं मनगट ओढलं.

पुढे ते मुलीकडे राहायला गेले. तिथंच ते वारल्याचं मला कित्येक महिन्यांनी कळलं. आज मी प्रयोगशाळेत काम करते आणि भांडारातल्या काकांना आधी गुडघ्यांचं विचारते, मग तार मागते. मला अजून कधी नकार मिळालेला नाही.

पण त्या शनिवारी चाचा प्रदर्शनाला आले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला चिमटी, आणि उभे दाराशीच. चंद्रपूरहून आलेले परीक्षक वाकून पानाकडे पाहत राहिले. "छान! एवढंसं सामान मिळालं कुठून?"

मी श्वास घेईपर्यंत आमचे सर बोलले, "नागपूरहून मागवलं, सर. आपली ओळख आहे तिथं."

दाराशी चाचांनी ते ऐकलं. हसून मान हलवली, ठीक आहे अशी, आणि चपला शोधायला वळले. परीक्षकांनी वहीवर पेन टेकवलं.

"नाई, सर," मी म्हणाले. सगळा हॉल वळून पाहील, इतक्या मोठ्यानं. "वर्ख मिठाईवाल्याचा आहे, जाळी मंडपवाल्याची, लाख धानोऱ्याची. अन् हे सगळं मिळवून देणारे तिथं दारात उभे आहेत. चाचा, थांबा!"