बाबा, दोन आहेत

अस्वल मी मारलं हे आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. कसं मारलं तेही माहीत आहे असं त्यांना वाटतं, कारण ती गोष्ट सात वर्षं मीच सांगत आलो. ती खोटी होती. खरी काय ते गेल्या दिवाळीत मुलीला सांगितलं, आणि आता इथे लिहितोय.

आम्ही अमेरिकेत बॉथेलला राहतो. आमच्या शेजारी एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ आहेत, विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक दुनळी रायफल होती. शेजारी-शेजारी दोन नळ्या, दोन चाप, वर दुर्बीण वगैरे काही नाही. बाकीचे लोक दोन-तीनशे यार्डांवरून शिकार करतात. हिच्यासाठी जवळ जावं लागतं. "दोन गोळ्या," ते म्हणायचे. "तिसरीची वेळ आली, तर तू तिथे असायलाच नको होतास." दोन वर्षं त्यांनी मला शूटिंग रेंजवर शिकवलं, आणि गुडघे गेले तेव्हा दुकानात रीतसर कागदपत्रं करून ती माझ्या नावावर केली.

मी नागपूरच्या ज्या घरात वाढलो तिथे अंडंसुद्धा येत नसे. मग शिकार कुठून आली? ऑफिसातून. सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी बाकीचे सांगायचे, मी ऐकायचो. अठरा वर्षं ऐकलं. कुणीतरी एकदा भुवया उंचावून "यू? अ बेअर?" असं विचारावं, एवढीच माझी हौस होती. लिहिताना लाज वाटते, पण यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिची नजर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली, म्हणून दुर्बीण घेऊन ती बरोबर यायची. शिकारीला तिचा विरोध नव्हता. "आपण खाणार असू तर ओके आहे," म्हणायची. आमच्या घरात नियम होता, उंबऱ्याच्या आत मराठीच. तिच्या वयाच्या इथल्या सगळ्या मुलांनी हा नियम केव्हाच मोडला होता. ती एकटी पाळायची. 'माझा पुस्तक' म्हणायची, 'ती पंखा' म्हणायची, पण बोलायची. दर रविवारी नागपूरला माझ्या आईशी फोनवर तासभर. आई तिला चुका दुरुस्त करून द्यायची आणि दोघी हसायच्या.

जंगलातही आम्ही मराठीतच कुजबुजायचो. आमचे तीन इशारे ठरलेले. 'एक' म्हणजे समोर मोकळं आहे, गोळी झाड. पहिल्या गोळीच्या धक्क्याने माझी नजर हलायची, तेव्हा गरज असली तर ती 'दोन' म्हणणार, म्हणजे दुसरी नळी. आणि 'थांब' म्हणजे थांब.

"अस्वलाला मराठी कुठे येतं," मी म्हणालो.

"नागपूरचं असलं तर?"

तिच्या अशा विनोदांवर मी गाडीत एकटा असतानाही हसायचो.

सप्टेंबर होता. डोंगरांच्या पूर्वेच्या अंगाला, जिथे उतारावर हकलबेरीची झुडपं लाल होतात, तिथे आम्ही सहाव्यांदा गेलो होतो. आधीच्या पाचही वेळा रिकाम्या हाताने परतलो होतो. शेजारी खाली रस्त्यावर ट्रकमध्ये थांबले. सकाळी नऊच्या सुमारास अस्वल दिसलं. वारा आमच्या तोंडावर होता. जवळजवळ तासभर रांगत आम्ही साठ पावलांवर आलो. ते मान खाली घालून ओठांनी फांदी ओढून बेरी खात होतं. इतकं जवळ की फांदी सुटल्याचा आवाज येत होता. मी एका ओंडक्यावर रायफल टेकवली.

डावीकडून मुलगी कुजबुजली, "बाबा, दोन आहेत."

मी चाप ओढला.

अस्वल बसलं. स्वतःच्याच कुशीला चावायला वळलं. मी दुसरा चाप ओढला आणि ते आडवं झालं.

मग उजवीकडच्या झुडपातून एक लहानसं काळं काहीतरी निघालं आणि सरळ फर जातीच्या झाडावर चढलं. सालीवर नखांचा आवाज येत होता. वर जाऊन ते रडायला लागलं. तो आवाज मी वर्णन करून सांगणार नाही.

"मी म्हटलं होतं," मुलगी उभी राहिली. "बाबा, मी म्हटलं होतं ना! दोन आहेत म्हटलं होतं!"

आणि मी म्हणालो, "तू नुसतं 'दोन' म्हणालीस."

"आहेत म्हणाले मी."

"नाही गं बेटा. फक्त 'दोन'. मला वाटलं, दोन्ही नळ्या झाड म्हणतेयस. थांबायचं होतं तर 'थांब' म्हणायचं ठरलं होतं ना आपलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतोय असा संशय त्या नजरेत नव्हता. ती आठवत होती. आठवून बघत होती, आपण नक्की काय म्हणालो. मग हळू म्हणाली, "आय थॉट आय सेड आहेत."

मी ऐकलं होतं. तीनही शब्द ऐकले होते, नीट. शिवाय पहिल्या गोळीआधी 'दोन'ला काही अर्थच नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आणि नळ्यांबद्दल 'आहेत' कोण म्हणेल? आहेत म्हणजे आहेत. समोर दोन जीव आहेत. मी उजवीकडच्या झुडपाची शेंडी हलतानाही बघितली होती. माझ्या डोक्यात त्या क्षणी एवढंच आलं की आता थांबलो तर सहाव्यांदा रिकामं जायचं. सोमवारी पुन्हा ऐकायचं.

शेजारी पाठीवर सॅक घेऊन लंगडत वर आले. त्यांनी आधी झाडाकडे बघितलं. पिल्लांची आई मारू नका अशी नियमांच्या पुस्तिकेत विनंती असते, बंदी नव्हती. मी त्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं की भाषेचा घोटाळा झाला. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "नॉट युअर फॉल्ट, किडो." म्हणजे माझी गोष्ट तासाभरात पक्की झाली होती, दोष कुणाचा तेही ठरलं होतं. कातडं काढताना दूध निघालं. ते मुलीने पाहिलं.

शेजाऱ्यांनी फोन केल्यावर वन्यजीव खात्याचा अधिकारी आला. पिल्लू मोठं आहे, कदाचित जगेल, तुम्ही इथून जा, म्हणाला. आम्ही गेलो. घरी येऊन सरकारी वेबसाइटवर शिकारीचा अहवाल भरला. तिथे विचारतात, शिकार यशस्वी झाली का. मी 'हो'वर क्लिक केलं. अस्वलाचं वय ठरवायला त्याचा दात पाकिटातून पाठवायचा असतो, तोही पाठवला.

यापुढचं मला जास्त छळतं. ती गोष्ट मी सांगत सुटलो. ऑफिसात सांगितली, आणि मराठी मंडळाच्या पॉटलकच्या जेवणाला तर हातात प्लेट घेऊन, रंगवून. एक काका हसत हसत तिला म्हणाले, "काय गं, रविवारच्या मराठी शाळेत पाठवलं होतं ना तुला? बिचाऱ्या अस्वलाचा बळी गेला की तुझ्या व्याकरणापायी!" सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "यार, हिला पाणी मागायलासुद्धा सांगू नका, काय देईल कोण जाणे." मुलगीही हसली. मी तिच्याकडे न बघता आणखी भात वाढून घेतला.

तिचं मराठी बंद झालं. भांडण नाही, जाहीर करणं नाही. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. बायकोला वाटलं, कॉलेजची हवा लागली. रविवारच्या फोनवर ती आजीला हात हलवून "हाय आजी" म्हणायची आणि फोन माझ्या बायकोकडे द्यायची. आई मला विचारायची, "माझं काही चुकलं का रे? फार टोकलं का मी तिला?" मी म्हणायचो, "नाही गं, अभ्यास असतो." आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या महिन्यात तिकडे कुणीतरी फोन तिच्या कानाशी धरला होता. मुलगी इकडे ओठ हलवत होती, शब्द जुळवत होती, आणि शेवटी म्हणाली, "मॉम, यू टेल हर. आय'ल गेट इट राँग."

तेव्हाही मी बोललो नाही.

मुलगी आता दूरच्या प्लेनो शहरात नोकरी करते. दिवाळीला आली होती. सकाळी ओट्यापाशी उभी राहून चहा घेत होती, बायको चकल्यांचं पीठ मळत होती. मी काही तयारी केली नव्हती. म्हणालो, "तू 'आहेत' म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं."

तिला संदर्भ लागायला वेळ लागला नाही. सात वर्षांनंतरही एक क्षण लागला नाही, यावरून मला काय ते समजलं.

"यू हर्ड इट."

"हो."

"अँड यू अंडरस्टुड."

"अगदी बरोबर बोलली होतीस तू. माझ्या लक्षात आलं होतं. तरी झाडली."

तिने कप खाली ठेवला. "डिड आजी नो?"

"नाही."

ती जाकीट घेऊन बाहेर गेली. बायकोचे हात पिठातच होते. ती म्हणाली, "तुला झोप कशी लागायची रे?" मला खरं उत्तर द्यायचं होतं. लागायची. नीट लागायची. तेही सांगितलं तिला. त्या रात्रीपासून ती मुलीच्या खोलीत झोपते.

विमानतळावर मुलीने मला मिठी मारली, इथल्या मुली सगळ्यांनाच मारतात तशी. "टेक केअर, डॅड." बाबा नाही. तेही बरीच वर्षं नाहीच म्हणा.

डिसेंबरपासून ती रविवारी तिच्या आईला फोन करते. परवा मी धुतलेले कपडे घेऊन जिना चढत होतो, तेव्हा वरच्या खोलीतून स्पीकरवर तिचा आवाज आला. मराठी होतं. अडखळत, शब्द शोधत. "आई, मी काल पोहे केली. नाही, केले. केले ना?" बायको म्हणाली, "केले." "हां, केले. पण खूप कोरडे झाले."

मी वर गेलो असतो तर ती इंग्रजीत बोलायला लागली असती. आधीच्या रविवारी तसंच झालं होतं. दारात माझी चाहूल लागली आणि वाक्य मध्येच बदललं. म्हणून मी जिन्यातच बसलो, कपड्यांची टोपली मांडीवर घेऊन. ती पोह्यांना पाणी किती मारायचं ते विचारत होती. मला माहीत होतं किती ते. फोन संपेपर्यंत हललो नाही.