मुंढ्याची कच्ची टीप

…तर काल कोटापर्यंत आलो होतो. पण थांबा, आधी पोरीचं सांगतो.

टेपमास्तर म्हणजे आमच्या गल्लीतला शिंपी. टेप गळ्यात घालूनच झोपतो, असं त्याची बायको म्हणायची. रस्त्यापलीकडून माणसाच्या खांद्याचं माप सांगणारा गडी! तेरा वर्षांची लेक भर उन्हाळ्यात म्हणाली, "बाबा, बाह्या लांब करा, कफ घट्ट." हा खूश! "पोरीला फिटिंग कळायला लागलं!" चार ड्रेस करून दिले. का, हे विचारलंच नाही.

एकदा कफ बघताना बाही वर सरकली. हातावर तिनंच करून घेतलेल्या जखमा. मास्तर ओरडला, "हे काय करून ठेवलंस?" पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच.

बायको म्हणाली, "गप्प बसा आणि शेजारी बसा." दोघं तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. कातऱ्या कुलपात गेल्या. मास्तर रोज नुसता शेजारी बसायचा. आठव्या दिवशी पोर बोलली: ती बोलताना अडखळते, तर चित्रकलेचे सर भर वर्गात तिची नक्कल करतात.

त्याच सरांचा सत्काराचा कोट मास्तरच्या टेबलावर! मास्तर मला म्हणाला, "काका, मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या जोडाला, कच्ची टीप घालतो. हार घ्यायला हात वर केला की बाही खाली!"

"एकच का? दोन्ही सोड!" मी म्हणालो. काय हसलो आम्ही!

पण शिंप्याचीच लेक ती. टीप बघितल्याबरोबर ओळखली. "बाबा, त्यांची बाही गळली की वर्ग मलाच चिडवणार. असं करणार असाल तर पुन्हा तुम्हाला काही सांगणार नाही."

मास्तरचा चेहरा उतरला. टीप उसवली, दुहेरी पक्की घातली. मग तिला विचारलं, "शाळेत तक्रार देऊ?" ती मग म्हणाली, "द्या. पण मला वाचून दाखवा आधी."

सर कोट न्यायला आले तेव्हा मी दुकानातच होतो. तक्रारीची कुणकुण त्यांना लागली होती. कोट घालून, गोड हसून म्हणाले, "मास्तर, राग नाही ना?"

मास्तर म्हणाला, "आहे, आणि जाणार नाही. लेकीनं हात धरला म्हणून कोट अंगावर राहील. बाकीचं मुख्याध्यापिकाबाईंकडे लेखी दिलंय, तिथं उत्तर द्या. आणि अडखळू नका."