पाहिलं तेवढंच लिहिणारा दिगंबर

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात दातांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो. सुलभावहिनी म्हणाल्या, "भावजी, हे गेले... चहा मागितला, आणि मी आणेपर्यंत संपलं." माझ्या तोंडात कापसाचा बोळा. धड 'अरेरे'सुद्धा म्हणता आलं नाही. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात आम्ही तीस वर्षं एकत्र काढली. मी स्टोअर्सला, तो इन्स्पेक्शनला. मापात केसाइतका फरक दिसला तरी तयार झालेला जॉब परत पाठवायचा, मग सुपरवायझर कितीही कावो. सुट्टीच्या दिवशी हाच माणूस सशांच्या मागे. डोंबिवलीहून पहाटे खडवलीला, तिथून माळावर, आणि सोबत मला फरफटत न्यायचं. तिथल्या एका जमीनमालकाने एकदा विचारलं, "निस्तं बघाला आलाव? खावाला नको?" दिगंबरने त्याला पाऊण तास ससा समजावून सांगितला. पुढे आम्ही दिसलो की तो बिचारा बांधावरूनच वळायचा.

निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात तो थरच्या वाळवंटात जाऊ लागला. "रानससा म्हणजे पिंजऱ्यातला पांढरा ससा नव्हे," हे वाक्य त्याने लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवलेलं आहे. रानससा बीळ खणत नाही. झुडपाच्या आडोशाला अंगापुरता खळगा करून दिवसभर दबून बसतो. वाळवंटातला तर असा वाळूच्या रंगाचा, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. लांब कानांतून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, पाणी बहुतेक पाल्यातूनच मिळवतो, आणि स्वतःच्याच मऊ लेंड्या परत खातो. शाळांमध्ये तो स्लाइड शो करायचा, त्यात हे शेवटचं हमखास यायचं. पोरं खूश, मुख्याध्यापक अस्वस्थ. पिल्लं जन्मतःच उघड्या डोळ्यांची आणि अंगभर केसांची असतात. आई त्यांना ठेवून दूर राहते, म्हणजे तिच्या मागावर कोल्हा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दिवसातून एकदा, दिवस मावळल्यावर, पाजायला येते.

त्याच्यासोबतच्या थरच्या पहिल्या सहलीत मला हे ठाऊक नव्हतं, आणि तिथेच मी माती खाल्ली. जैसलमेरच्या अलीकडे, दुपारची वेळ. झुडपाखाली मुठीएवढं पिल्लू एकटंच बसलेलं. वारा बोचरा. मी कळवळलो, पिल्लू स्वेटरमध्ये घातलं आणि मुक्कामावर घेऊन आलो. दिगंबर ताडकन उठला.

"अरे शरद, टाकलेलं नाहीये ते, ठेवलेलं आहे! कुठून उचललंस?"

ते मला सांगता येईना. सगळी झुडपं सारखी. माझ्या पावलांचा माग काढत गेलो, तर वाऱ्याने अर्धे ठसे बुजवलेले. शेवटी अंदाजाने एका झुडपाखाली पिल्लू ठेवलं. दिगंबरने मला परत पाठवलं आणि स्वतः दुर्बीण घेऊन लांब बसून राहिला. चांदणं होतं. खोलीवर मी भरल्या ताटावरून उठलो. बऱ्याच वेळाने तो आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आली. पाजलं. जेव आता." मी बाजरीच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या.

पुढे त्याच्या स्लाइड शोमध्ये मी मागच्या बाकावरून ओरडायचो, "ते पिल्लाचं सांग ना!" तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि पुढची स्लाइड लावायचा. मला वाटायचं, चारचौघांत माझी अब्रू झाकतोय. कार्यक्रम संपताना पोरांना त्याचं एकच सांगणं असे, "पाहिलं तेवढंच लिहा. वाटलं ते लिहू नका."

गेल्या आठवड्यात डोंबिवलीला गेलो. वहिनींनी त्याच्या वह्या काढून ठेवल्या होत्या. "ठेवण्यासारखं काय आहे ते तुम्हीच बघा," म्हणाल्या. चाळता चाळता त्या सहलीची वही हाती आली. बारीक, सरळ अक्षर...

"पिल्लू एक. जागा अंदाजे. अंधार पडल्यावर दोन तास थांबलो. मादी आली नाही. सकाळी पिल्लू मृत. शरदला 'आली' असे सांगितले. जेवत नव्हता."

मी ते दोनदा वाचलं. केसाइतका फरक न सोडणारा हा माणूस माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला, आणि ते खोटंसुद्धा त्याने नीट नोंदवून ठेवलं. ते पिल्लू माझ्यामुळे मेलं, हे मला आत्ता कळत होतं. त्याच्यावर चिडावं की त्याची माफी मागावी? दोन्हीसाठी तो नव्हता. मला रडू आवरेना.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"भावजी, पानं घेतलीयेत. चला."

नको म्हणणार होतो. पण उठलो, हात धुतले आणि पोटभर जेवलो.