सासूबाई, विहार आणि माझा दमा

मला बघायला खडकीहून पाहुणे आले, त्या दुपारी आईने मला येरवड्याच्या आमच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "दम्याचं आज काढू नकोस. नंतर बघू," ती म्हणाली. दमा मला लहानपणापासून आहे. शाळेत, शेजारी, नात्यात आम्ही नेहमी "जरा सर्दीचा त्रास आहे" एवढंच सांगायचो. पण पोह्यांच्या बशा बाहेर नेताना माझ्या मनात आलं की ज्या घरात रोज दम्याचा पंप घ्यायचा, त्या घराला हे आधीच कळलेलं बरं. मी सांगून टाकलं. आईचा चेहरा उतरला.

होणाऱ्या सासूबाईंनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पंप कुठे असतो तुझा?"

"पर्समध्ये."

"आमच्याकडे सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. ऐन वेळी बायकांच्या पर्सा कोण उपसत बसणार?"

दम्याची चौकशी तेवढ्यावरच संपली. लग्न ठरलं.

रविवारी सकाळी सासरच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वंदना असते. लग्नानंतर मी सासूबाईंबरोबर जायला लागले. खोली लहान. थंडीत खिडक्या बंद, आणि मूर्तीपुढे उदबत्त्यांचा अख्खा जुडगा. मी दाराशी बसायचे, ओढणी नाकावर धरायचे. एका रविवारी मात्र छाती आवळत गेली आणि श्वासाला शिट्टी लागली. मी उठून बाहेर पायरीवर बसले आणि पंप घेतला. मागोमाग सासूबाई आल्या. माझा श्वास खाली बसेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "दर रविवारी होतं?"

"थंडीत होतं."

"आणि तू ओढणी धरून बसतेस. शाब्बास."

आम्ही परत आत जाऊन बसलो. वंदना संपल्यावर लोक उठायच्या आधीच त्या उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेला दमा आहे. उदबत्त्या बाहेर व्हरांड्यात लावू या." मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

वंदना सांगणारे काका विहाराचे जुने कार्यकर्ते. ते म्हणाले, "पूजेला धूप लागतोच, ताई."

"लागतो ना. मग व्हरांड्यात लावा. सुगंध आत यायला कुणाची परवानगी लागत नाही."

लोक हसले. काकाही हसले, पण हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना. पाणी पिऊन त्यांनी मला विचारलं, "पण पोरी, पंपाची म्हणे सवय लागते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चष्म्याची लागते तेवढीच, काका." मग मी बोलतच गेले. दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप आपल्या मनाने सोडायचा नाही. धाप लागली तर लगेच घ्यायचा पंप वेगळा असतो, आणि त्यानेही उतार पडला नाही तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. इतक्या लोकांपुढे मी हे कधीच बोलले नव्हते. पण कुणी उठून गेलं नाही.

घरी निघालो तर काका फाटकाशी थांबले होते. त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत पंप. "डॉक्टरांनी दिलाय. घरात ठाऊक नाही. घेतो मी, पण गुण येत नाही."

"कसा घेता, दाखवा बरं."

त्यांनी तोंड उघडून जिभेवर फवारा मारला, लवंग टाकावी तसा.

"हे तोंडातच राहिलं, काका. छातीपर्यंत पोचलंच नाही."

मी त्यांना आधी पंप हलवायला, मग श्वास पूर्ण सोडायला सांगितलं. ओठ पंपाला घट्ट लावून, दाबताना श्वास सावकाश आत ओढायचा आणि जमेल तेवढा रोखून धरायचा. त्यांचा मेळ बसेना. मग सासूबाईंनी घरी जाऊन माझी पंपाला जोडायची स्पेसरची नळी आणून दाखवली आणि म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जाऊन अशी मागून घ्या. आणि वहिनींना बरोबर न्या. नवऱ्याच्या खिशात काय आहे ते बायकोला कळायला हवं."

ते दोघं गेले. डॉक्टरांनी नळी दिली, पंप घेण्याची पद्धत पुन्हा शिकवली. उदबत्त्या व्हरांड्यात लागू लागल्या. पुढचे काही रविवार काका धाप लागून मधेच थांबत, दुसरं कुणी तरी गाथा पुरी करी. मग हळूहळू त्यांचा आवाज शेवटपर्यंत टिकायला लागला.  त्यांच्या बायकोने आमच्या घरी अनारसे पाठवले.

आता वस्तीत कुणाचं मूल रात्री खोकत असलं, की मला जिन्यात गाठतात. मी डॉक्टर नाही, हे आधी सांगते. मग चांगल्या डॉक्टरकडे धाडते आणि गरज पडली तर बरोबरही जाते. माझा दमा आहे तिथेच आहे. थंडीत कोपऱ्यावर शेकोटी पेटली की मी पलीकडच्या रस्त्याने येते. परवा त्या रस्त्यावरच्या एका मुलीने विचारलं, "मावशी, तुम्ही रोज इतक्या लांबून का जाता?"

मी तिला थांबून सगळं सांगितलं. भाजी घेऊन घरी पोचायला उशीर झाला, तर सासूबाई माझ्या हातातली पिशवी घेऊन स्वतःच भाजी निवडायला बसल्या.