काळ्या मांजरीचा पालक आणि गल्लीचा अग्रगामी

सुज्ञ शेजाऱ्यांनो, वसाहतीच्या फळ्यावर हे लिहिताना माझे केस अद्याप ओले आहेत.

आम्ही काळी मांजर पाळल्यापासून, ती आडवी गेली की प्रथम मीच रस्ता ओलांडावा, असा आपला दंडक आहे. आज सकाळी मी साबणाने अंध झालो असता शेजारचे वामनराव न्हाणीबाहेर ओरडले, “भाऊ, निघा ना जी लवकर! रिक्षा थांबून राहिली, बायकोले कळा येऊन राहिल्या!”

“मग जा ना!”

“पहिले तुम्ही!”

पंचा सावरत, फेसासह मी रस्ता ओलांडला. मागोमाग रिक्षा दवाखान्याकडे धावली.

दुपारी कन्यारत्नाची वार्ता आली, मातापुत्री सुखरूप. मांजर मात्र अशुभच राहिली, आणि शुभशकुन ठरलो मी. मांजर मला सोडवत नाही, गल्ली मला सोडत नाही. तरी निर्विघ्न स्नान केव्हा करावे, हे कृपया येथेच खाली लिहावे.